दिवाणाखालचे गठ्ठे

छापखान्याचा टेम्पो एप्रिलमधल्या एका दुपारी दारात येऊन थांबला, तोवर माझी समजूत होती की पाचशे पुस्तकं म्हणजे फार तर कपाटाचा एक कप्पा. उतरले वीस गठ्ठे. एकेकात पंचवीस प्रती, वर खाकी कागद आणि सुतळी. बारा दिवाणाखाली गेले, पाच धान्याच्या कणगीशेजारी, तीन देवघराच्या खोलीत. बायकोनं सगळं मुकाट्यानं बघितलं आणि संध्याकाळी चहाचा कप हातात देताना म्हणाली, “अहो, एवढी पेंडीची पोती आणली असती, तर निदान म्हशीनं खाल्ली असती.”

ती गोष्ट २०२२ सालची. आज तेच पुस्तक पुण्यातल्या एका नीट नांदत्या प्रकाशनानं काढलंय, त्यामुळे मला फोन येऊ लागलेत. निवृत्त शिक्षक असतात, एखादा एसटीतला वाहक असतो, परवा एक अंगणवाडीताई होत्या. प्रश्न एकच. “सर, आम्ही स्वखर्चानं पुस्तक काढलंय. तुमच्यासारखा प्रकाशक कसा मिळवायचा? नंबर देता का?” नंबर मी देतो. नंबरानं काम होत नाही, हे मात्र फोनवर दोन मिनिटांत समजावता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. जिल्हा परिषदेच्या श्रेणी दोनच्या दवाखान्यात नोकरीतली बहुतेक वर्षं गेली, आटपाडी आणि जतच्या दुष्काळी पट्ट्यात. ‘डॉक्टर’ ही पदवी मला सरकारनं दिलेली नाही, लोकांनी दिली. अडलेली गाय, फुगलेली म्हैस, पावसाळ्याआधीची घटसर्प-फऱ्याची लस, माडग्याळी मेंढ्यांचे कळप, बैल विकून आल्यावर गोठ्याकडे पाठ करून बसलेली माणसं. या सगळ्याचं मी पुस्तक केलं. त्याचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं तर हा लेख जाहिरात होईल, आणि जाहिरातीनं पुस्तक कसं जात नाही हेच तर मला सांगायचंय.

आधी तीन प्रकाशकांकडे टाइप केलेली प्रत पाठवली होती. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याचं पत्र आठ महिन्यांनी आलं: लेखन प्रामाणिक आहे, पण सध्या आमची दोन वर्षांची पुस्तकं ठरलेली आहेत. तेव्हा मला ती टोलवाटोलवी वाटली. आता वाटतं, खरंही असेल. अनोळखी माणसाच्या अनोळखी पुस्तकावर स्वतःचे पैसे लावायचे, तर प्रकाशकाला काहीतरी आधार लागतो, आणि मी त्याला आधार म्हणून काय दिलं होतं? ‘माझ्या मित्रांना फार आवडलं’ असं एक पत्र.

मग पॅकेजवाले भेटले. नाव घेत नाही. एका जाहिरातीत ‘लेखक व्हा’ असं लिहिलेलं होतं. बासष्ट हजारांत पाचशे प्रती, मुखपृष्ठ, प्रुफं, वर्तमानपत्रात बातमी आणि ‘आयएसबीएन सेवा’, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक काढून देणं. तो क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय संस्थेच्या संकेतस्थळावर लेखक स्वतःही अर्ज करू शकतो, हे मला नंतर कळलं. बिलात त्या सेवेचे वेगळे पैसे होते. तेही चालून गेलं असतं. खरी गोम शेवटच्या पानावर होती. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी त्यांच्याकडे राहतील. मी सही केली. गाईच्या सातबाऱ्यावर, म्हणजे तिच्या कानातल्या बिल्ल्यावर, बारा आकडे असतात ते मी तीनदा तपासून लिहायचो, आणि स्वतःच्या पुस्तकाचा कागद न वाचता सही करून मोकळा झालो.

पुस्तक हातात आलं तेव्हा वास छान होता. डेमी आकार, सोळा-सोळा पानांचे अकरा फॉर्म, म्हणजे १७६ पानं. पहिलंच पान उघडलं तर युनिकोडचा मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘दुसऱ्या’, ‘गोऱ्हा’, ‘तऱ्हा’ यांतले सगळे अर्धे र उडालेले. बैलांच्या पुस्तकात गोऱ्ह्याचा ‘गोहा’ झालेला. सुरुवातीला तीन मान्यवरांच्या प्रस्तावना होत्या, मिळून सव्वीस पानं, आणि त्यातल्या एकांनी मला सबंध प्रस्तावनेत ‘कवी’ म्हटलेलं.

प्रकाशन समारंभ झाला, हार-तुरे झाले, आणि त्या एका संध्याकाळी एकशे दहा प्रती संपल्या. मी हरखलो. बायको हिशोबाची पक्की. तिनं जुन्या डायरीत रकाने आखले आणि म्हणाली, “संपल्या म्हणू नका, वाटल्या म्हणा.” ही डायरी म्हणजे या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी वस्तू. रकाने असे: तारीख, कोणाला, भेट की विक्री, रुपये, आणि शेवटचा रकाना ‘पुन्हा’. शेवटचा कशाला, असं मी विचारलं. “डेअरीत आपण कसं बघतो,” ती म्हणाली, “पहिल्या दिवशी दूध सगळेच घालतात. दुसऱ्या दिवशी कोण आला ते लिहायचं.”

पुढची दोन वर्षं मी स्प्लेंडरच्या मागे पिशवी बांधून हिंडलो. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांत साठ प्रती ठेवल्या, विक्रीनंतर पैसे या बोलीवर, चाळीस टक्के सूट देऊन. बावीस गेल्या, अडतीस परत आल्या, कडा पिवळ्या पडून. दुकानदारांचा दोष नाही. त्यांच्याकडे माझं पुस्तक मागायला येणारा माणूस दुकानाच्या वाटेनं जातच नव्हता. तो सकाळी साडेसहाला किटली घेऊन दूध संकलन केंद्रावर उभा असतो.

हे मला सुचलं नाही, एका केंद्राच्या सचिवांना सुचलं. अण्णा म्हणतात त्यांना सगळे. ते म्हणाले, “डॉक्टर, धा पुस्तकं ठिवून जावा हितं. कुनाला पायजे त्याला देतो, दहा दिवसाच्या बिलातनं कापून घेतो.” फॅट-एसएनएफच्या पावतीवर खाली एक ओळ वाढली: ‘पुस्तक २००’. एका बिलात सात प्रती गेल्या, पुढच्या बिलात अकरा. पाच केंद्रांवर मिळून सत्त्याण्णव. खरसुंडीला सिद्धनाथाच्या पौषातल्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं दावणीत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बैलांशेजारी पोतं अंथरून बसलो, तर तीन दिवसांत एक्केचाळीस. एकानं पुस्तक चाळून विचारलं, “ह्यात आमच्या शिंगाचं काय हाय का?” शिंग साळण्यावर एक प्रकरण होतं. त्यानं दोन घेतली.

मधे लम्पी येऊन गेला. २०२२च्या पावसाळ्यात जनावरांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या, बाजार बंद झाले, लोक घाबरून गेले. माझ्या पुस्तकात लाळ-खुरकुताच्या एका जुन्या साथीचं प्रकरण आहे. गोठा वेगळा कसा केला, माणसं कशी वागली, काय चुकलं. त्यातली तीन पानं मी टाइप करून व्हॉट्सॲपवर सोडली. आठवड्याभरात तीच पानं मला सोलापूरच्या एका गटातून परत आली, खाली लिहिलेलं: ‘एक अनुभवी शेतकरी’. माझंच लेकरू माझ्याच दारात अनाथ म्हणून आलं. रागावलो, मग शहाणा झालो. पुढची प्रकरणं चित्र करून टाकली, प्रत्येकाच्या तळाशी पुस्तकाचं नाव, माझं नाव, फोन. चित्रातलं नाव खोडायला कष्ट पडतात, आणि पुढे ढकलणारा माणूस सहसा कष्टाळू नसतो. त्या फोनवर साठ प्रती पोस्टानं गेल्या.

इथं थोडं थांबतो, कारण फोन करणारे मला नेहमी एक गोष्ट विचारतात: “सर, एजंट लागतो का?” इंग्रजीत लागतो. तिथले मोठे प्रकाशक लेखकाकडून परस्पर आलेलं बाड बहुधा उघडतच नाहीत. एजंट ते वाचतो, निवडतो, योग्य संपादकाकडे नेतो, कराराची घासाघीस करतो आणि लेखकाच्या कमाईतला साधारण पंधरा टक्के वाटा घेतो. आधी पैसे मागणारा एजंट तिथंही भामटाच समजतात. मराठीत असा पेशा रुजलेला नाही. आपल्याकडे प्रकाशकाच्या जिन्यावर लेखक स्वतःच चढतो, पिशवी घेऊन.

पण एजंट नसला तरी एजंटाचं काम असतंच, आणि ते काम लेखकाला स्वतःला करता येत नाही. मला हे नातीमुळे कळलं. ती पुण्याला असते, तिला निळ्या कोटातल्या सशाची गोष्ट फार आवडते. त्या पीटर रॅबिटची लेखिका बिअट्रिक्स पॉटर. तिचं ते पुस्तक प्रकाशकांनी नाकारलं म्हणून तिनं डिसेंबर १९०१मध्ये पदरच्या पैशानं अडीचशे प्रती छापल्या, ओळखीपाळखीत त्या भराभर गेल्या, तेव्हा फेब्रुवारीत आणखी दोनशे काढल्या. ऑक्टोबर १९०२मध्ये लंडनच्या फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ते रंगीत चित्रांसह बाजारात आणलं. ही वॉर्न कंपनी आधी नाही म्हणालेल्यांपैकीच होती. मधल्या काळात काय झालं? रॉन्स्ली नावाचे एक पाद्री, तिचे स्नेही, यांनी तिची गोष्ट स्वतः पद्यात घालून, तिची चित्रं जोडून, वॉर्नकडे पाठवली. पद्य अगदी सुमार होतं म्हणतात. प्रकाशकानं कळवलं, तुमचं पद्य राहू दे, बाईंचं साधं गद्यच बरं आहे, चित्रं मात्र रंगवून द्या. मला यातले ते पाद्रीबाबाच जास्त आवडतात. त्यांचं लेखन गेलं वाया, पण ते दुसऱ्याचं पुस्तक काखेत मारून दारापर्यंत गेले.

आपल्याकडे बहिणाबाईंचं तेच. ओव्या शेतात म्हटल्या गेल्या, सोपानदेवांनी आणि मावसभावानं त्या टिपून ठेवल्या, १९५१मध्ये आई गेली, आणि ती वही सोपानदेवांनी अत्र्यांपुढे ठेवली. पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मुलगा स्वतः नामांकित कवी, तरी आईच्या ओव्या पुढे करताना संकोचत होता. अत्रे मात्र संकोचणाऱ्यांतले नव्हते.

इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या माणसांत अमीश त्रिपाठींचं उदाहरण सगळे देतात. त्यांची शिवावरची पहिली कादंबरी प्रकाशकांनी पुन्हा पुन्हा परत केली, तेव्हा २०१०मध्ये त्यांनी आणि त्यांच्या एजंटानं मिळून ती स्वतःच काढली, आणि नंतर ती वेस्टलँडनं घेतली. फोन करणारे यातलं ‘परत केली’ आणि ‘घेतली’ एवढंच लक्षात ठेवतात. मला मधला तपशील मोलाचा वाटतो: त्यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांच्या गल्ल्यावर फुकट ठेवलं होतं. फुकट काय द्यायचं याचा हा हिशोब बघा. मी सबंध पुस्तक एकशे अडतीस जणांना फुकट दिलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते उघडलंही नाही. त्यांनी एकच प्रकरण फुकट दिलं आणि पुढचं वाचायची खोड लावली. चाटण देऊन वासराला बादलीवर आणतात, तसं.

आणि मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी लिहिणारे अँडी वीअर. त्यांनी ती आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणानं फुकट टाकली. वाचकांनीच म्हटलं, आम्हाला हे किंडलवर द्या. त्यांनी टाकलं, तिथं फुकट ठेवता येत नव्हतं म्हणून कमीत कमी किंमत लावली, नव्व्याण्णव सेंट. खप वाढला तसा एजंट आपणहून आला, मग प्रकाशक आला, मग सिनेमावाले. या माणसानं या कादंबरीसाठी कोणाचं दार ठोठावल्याचं दिसत नाही. त्याच्या वाचकांची पावलं वाजली, ती आत बसलेल्यांना ऐकू गेली.

माझा पाद्रीबाबा कोण, तर एक फिरता विक्रेता.

मार्च महिना सार्वजनिक ग्रंथालयांत फार गडबडीचा असतो. अनुदान आलेलं असतं, ते वर्षाअखेर पुस्तकांवर खर्ची पडायला हवं असतं, आणि प्रकाशकांचे प्रतिनिधी गाड्यांमध्ये पुस्तकं भरून तालुक्या-तालुक्याला फिरत असतात. असाच एक जण २०२४च्या मार्चमध्ये आमच्याकडच्या एका वाचनालयात यादी घेऊन बसला होता. टेबलावर माझं पुस्तक पडलेलं, पुट्ठा निखळलेला, शिवणीतून दोन फॉर्म बाहेर आलेले. ग्रंथपाल मॅडम ते बांधणीला पाठवणार होत्या. त्यानं सहज उचललं, मागचं पान उलटलं. तिथं तारखांची चिठ्ठी डकवलेली असते ना, ती एक भरून दुसरी चिकटवलेली, तीही खालपर्यंत आलेली. त्यानं विचारलं, “मॅडम, हे कुठल्या प्रकाशनाचं?” त्या म्हणाल्या, “आमच्या डॉक्टरांचं आहे. घरी ठेवलेत गठ्ठे. ही दुसरी प्रत, पहिली कोणी परतच केली नाही.”

त्यानं त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला आणि मालकांना पाठवला. पुस्तकाचा नाही, मुखपृष्ठाचा नाही. चिठ्ठीचा.

मला फोन आला तेव्हा मी अंघोळीला चाललो होतो. “अप्पा बळवंत चौकात या कधी तरी, बसू,” एवढंच. मी दुसऱ्याच दिवशी पहाटेची एसटी धरली. सोबत प्लॅस्टिकची फाइल: बातम्यांची कात्रणं, समारंभाचे फोटो, एका माजी मंत्र्यांनी पुस्तक हातात धरलेला फोटो, तीन संस्थांचे पुरस्कार. त्यांतल्या दोन पुरस्कारांची प्रवेश-फी मीच भरली होती. जिना अरुंद, वर पुस्तकांचे ढीग, त्यातून वाट. प्रकाशक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी फाइल हातात घेतली, न उघडता बाजूला ठेवली आणि म्हणाले, “सर, तीन गोष्टी सांगा. हक्क कोणाकडे आहेत? किती छापल्या आणि किती उरल्यात? आणि सध्या काय लिहिताय?”

पहिल्याच प्रश्नाला घाम फुटला. करार दाखवला. त्यांनी शेवटचं पान वाचून मान हलवली. “हे मोकळं झाल्याशिवाय मला काही करता येणार नाही. ते उद्या माझ्यावरही दावा सांगतील.” कॉपीराइटचा आपला १९५७चा कायदा लेखकाच्या बाजूनं बराच उभा आहे. पुस्तक लिहिलं की हक्क मुळात लिहिणाऱ्याचाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनं द्यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षंच धरतात, कुठवर ते लिहिलेलं नसेल तर भारतापुरताच. पण माझ्या कागदात सगळंच लिहिलेलं होतं, ‘कायमस्वरूपी’ या शब्दासकट. सांगलीतल्या एका वकीलसाहेबांनी दुसरी वाट दाखवली: हक्क घेणाऱ्यानं ते वर्षभर वापरलेच नाहीत तर, उलट काही ठरलेलं नसेल तर, ते सुटतात. भाषांतर, ईबुक, ऑडिओ यांपैकी काहीही त्यांनी केलं नव्हतं. छापील पुस्तकाचं मात्र घोंगडं भिजतच राहिलं. चार महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी त्यांनी ‘आमचा काही हक्क नाही’ असं एक पत्र दिलं, त्याआधी माझ्याकडून उरलेली सगळी देणी चुकती केल्याची पावती घेतली. हे पत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय. बायको म्हणते, म्हशीच्या विम्याचे कागदही तुम्ही एवढे जपले नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी डायरी काढली. त्यांनी ती फाइलसारखी बाजूला ठेवली नाही. जवळजवळ अर्धा तास वाचत बसले. भेट एकशे अडतीस. अभिप्रायासाठी चोवीस, त्यांतले दोन आले. सरकारी ग्रंथालयांना चार: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई. या प्रती प्रकाशन झाल्यापासून तीस दिवसांत पाठवायच्या असतात, मी वर्षानं पाठवल्या. दुकानं बावीस, ग्रंथालयं पस्तीस, समक्ष आणि पोस्टानं एकशे अठ्ठ्याण्णव. शिल्लक एकोणऐंशी. त्यांनी भेटीच्या रकान्यावर अंगठा ठेवून तो झाकला आणि ‘पुन्हा’च्या रकान्यातली नावं पेन्सिलीनं मोजली. एकतीस. एकतीस माणसांनी पहिली प्रत घेतल्यावर परत येऊन दुसरी नेली होती. कोणी भावासाठी, कोणी जावयासाठी, तिप्पेहळ्ळीच्या एकानं नव्या डॉक्टरला वाचायला द्यायची म्हणून.

“यांतले तुमचे नातेवाईक किती?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

“मग एकोणतीस धरू,” ते म्हणाले, आणि चहा मागवला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे धड नव्हतं. मेंढपाळांवर काही टिपणं आहेत म्हणालो. त्यांचा चेहरा जरा उजळला. एका पुस्तकाच्या लेखकावर प्रकाशकाचा जीव पटकन बसत नाही. पहिलं पुस्तक लोकांना ठाऊक करून देण्यातच त्याचे पैसे जातात, ते वसूल व्हायचे दुसऱ्यावर.

माझा नवा करार दहा टक्के मानधनाचा आहे, छापील किमतीवर, पाच वर्षांसाठी, फक्त मराठी छापील पुस्तकाचा. ईबुक, ऑडिओ आणि भाषांतर वेगळं ठेवलं. किंमत तीनशे. म्हणजे एका प्रतीला मला तीस रुपये. घरच्या आवृत्तीत प्रत मला एकशे चोवीसला पडायची आणि समक्ष दोनशेला जायची, म्हणजे शहात्तर सुटायचे. फोन करणाऱ्यांपैकी एकानं हे ऐकून विचारलं, मग सर तुम्ही खोटात गेलात की! गेलो. पण माझ्या स्प्लेंडरची हद्द चाळीस किलोमीटर आहे आणि माझे गुडघे पासष्टीचे आहेत. प्रकाशकाची गाडी नांदेडला जाते, रत्नागिरीला जाते, साहित्य संमेलनात गाळा लावते. ज्याचा वाचक पाच डेअऱ्यांतच आहे, त्यानं प्रकाशकामागं धावायची काहीच गरज नाही, हे मी मनापासून सांगतो. अण्णांच्या बिलातून कापून घेण्यासारखी चोख वसुली पुण्यातला कुठलाही प्रकाशक करू शकणार नाही.

एक खंत राहिली. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळे पुरस्कार असतात, पण पुस्तकाची पहिली आवृत्ती त्या वर्षातली लागते. माझी पहिली आवृत्ती ती ‘गोहा’वाली, २०२२ची. त्या वर्षी अर्ज करायचं मला ठाऊक नव्हतं, आता सुधारलेल्या आवृत्तीला दार बंद. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देणारी योजना आहे, तीही मला पुस्तक छापून झाल्यावर कळली. पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं. पॅकेजवाल्याला बासष्ट हजार मोजण्याआधी कोणी मला हे सांगायला हवं होतं. आता मी फोनवर सगळ्यांना सांगतो, पण बहुतेकांचे गठ्ठे आधीच आलेले असतात.

संपादन फार सोसावं लागलं. एक तरुण संपादिका होत्या, मला ‘काका’ म्हणायच्या आणि पान-पान कापायच्या. तिन्ही प्रस्तावना पहिल्याच दिवशी गेल्या, त्याचं दुःख नाही. माझी खात्यावरची भाषणबाजी गेली, तेही बरंच झालं. पण शेवटची तीन प्रकरणंही गेली. “काका, इथं तुम्ही एकेका बैलाचं नाव घेऊन फक्त यादी देताय, बाहेरच्या वाचकाला काय त्याचं?” ती म्हणाली. खरं होतं तिचं. अकरा फॉर्मांचे नऊ झाले, १४४ पानं. अर्धे र परत आले. नवं पुस्तक हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे कोणीतरी लिहिलेलं पुस्तक आहे, आणि ते वाचायला बरं आहे.

करारात ठरल्याप्रमाणे जुन्या प्रतींची विक्री थांबवली. एकोणऐंशी प्रती दिवाणाखालीच राहिल्या. रद्दीत घालवायच्या का, असं बायकोला विचारलं, तर ती काही बोलली नाही. गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. निंबवड्याकडचे एक आबा, खरसुंडीच्या बाजारात पुस्तक घेतलेले.

“डाक्टर, नवं पुस्तक आलंय म्हनं. पोरानं सांगलीहून आनलं.”

“हो आबा, कसं वाटलं?”

“बरं हाय. पर आमचा सर्जा कुठं गेला ओ?”

सर्जा शेवटच्या प्रकरणात होता. चार ओळी. पाऊण टनाचा, पांढराशुभ्र, पट्टीची शिंगं, चढावर कधी गुडघा न टेकलेला. मी संपादनाचं, पानांचं, बाहेरच्या वाचकाचं काहीतरी सांगायला लागलो. आबा मधेच म्हणाले, “त्ये असू दे. सर्जा गेला औंदा. पैलं पुस्तक नातवानं फाडलं. जुनं एक हाय का तुमच्याकडं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाण सरकवला. सुतळी सोडायला बायकोच पुढे आली. तिनं वरची पिवळी प्रत बाजूला काढून खालची चांगली निवडली, डायरी उघडली, तारीख घातली, आबांचं नाव लिहिलं. ‘भेट की विक्री’ या रकान्याशी जरा थांबली, तिथं नुसती रेघ ओढली आणि ‘पुन्हा’च्या रकान्यात खूण केली. मी गाडीला किक मारली.